पेशींचं जेवण आणि सरांचा डबा

लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कुणी विचारलं, तर मी सांगीन, वाट बघण्यात. पेशी आपल्या चालीनं वाढतात. त्यांना घाई करता येत नाही आणि रागावूनही उपयोग नसतो. मग माणसं चहा पितात आणि एकमेकांना किस्से सांगतात.

माझी आई अशाच एका लॅबमध्ये सायंटिस्ट आहे. शाळेची बस मला भोपाळच्या होशंगाबाद रोडवर तिच्या इन्स्टिट्यूटच्या गेटशी सोडते. ती निघेपर्यंत मी लॅबबाहेरच्या लहान खोलीत अकरावीचा अभ्यास करत बसते. मी फार बोलत नाही, त्यामुळे मी तिथं आहे हे लोक विसरतात, आणि किस्से माझ्याजवळ साठत जातात. हल्ली नवे फारसे होत नाहीत. जुनेच पुन्हा सांगितले जातात, आणि सांगणारा मधेच थांबतो.

* * *

पेशी प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्यांत राहतात. त्या बाटलीला फ्लास्क म्हणतात. आत गुलाबी पाणी असतं, तेच त्यांचं जेवण. त्यांनी ते संपवत आणलं की पाणी पिवळं पडतं. म्हणून एक दिवसाआड ते बदलावं लागतं, मग रविवार असो, कर्फ्यू असो, नाहीतर दिवाळी.

एकदा ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई स्कूटर काढून लॅबमध्ये गेली. तेवढ्यात नागपूरहून आजीचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर घेतला.

"वृंदा कुठं आहे?"

"पेशींना जेवण द्यायला गेलीय."

"आज? काय करून राहिली ती तिथं, सणावाराची?" आजी म्हणाली, "आणि तुम्ही काय जेवले?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात मॅगीचं पातेलं होतं.

"पुरणपोळी," बाबा म्हणाले.

* * *

लॅबचे प्रमुख देशकर सर. उंच, किंचित वाकलेले, आणि बीपीचे पेशंट. देशकर काकू रोज नेहरू नगरहून त्यांच्याबरोबर डबा पाठवायच्या, तोही संपूर्ण अळणी. वरण अळणी, भाजी अळणी, पोळीच्या कणकेतही मीठ नाही. डॉक्टरांनी 'कमी करा' सांगितलं होतं. काकूंनी बंदच केलं.

लॅबमध्ये काही खायचं नाही हा नियम सरांनीच केलेला. म्हणून ते माझ्या खोलीत येऊन जेवायचे. पण येताना बटर पेपरच्या घडीत चिमूटभर काहीतरी आणायचे आणि वरणावर भुरभुरवायचे. प्रयोगांसाठी शुद्ध मिठाची बाटली असते, ती वेळेआधीच संपायला लागली तेव्हा आईला शंका आली. तिनं बाटलीवर चिठ्ठी लावली: "खाण्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी खाली सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "वाचलं."

मीठ संपतच राहिलं. मला सर म्हणाले, "एवढं शुद्ध मीठ राजेरजवाड्यांनासुद्धा मिळालं नसेल. काकूला सांगू नकोस हं."

मी कुणाला काही सांगत नाही हे त्यांना माहीत होतं.

* * *

एकदा मी धीर करून सरांना विचारलं, तुम्ही नक्की काय शोधलंय?

सरांनी डबा बाजूला ठेवला. म्हणाले, "आपल्या प्रत्येक पेशीत मरायची व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. पेशी बिघडली, तिची गरज संपली, की तिला निरोप येतो. तिच्या अंगावर काही प्रथिनं असतात, ती निरोप घेतात आणि आत पोचवतात. मग ती पेशी स्वतःला आवरायला घेते. आपले तुकडे करते, पुड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. आरडाओरडा नाही, सूज नाही. कॅन्सरची पेशी मात्र हा फोनच उचलत नाही."

"मग?"

"मग आम्ही तिच्या दारावर जाऊन बेल वाजवतो."

ती बेल म्हणजे त्यांनी आणि आईनं मिळून बनवलेलं एक छोटं प्रथिन. त्याच्या पेटंटचा अर्ज चालू होता तेव्हा दिल्लीहून वकिलाचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"सर, आविष्कार एक लाइन में बताइए."

सर म्हणाले, "जो मरना भूल गए हैं, उन्हें याद दिलाना."

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला. मग वकील अदबीनं म्हणाला, "सर, 'उन्हें' की जगह 'कैंसर की कोशिकाओं को' कर दूँ? नहीं तो पेटेंट ऑफिस का ऑब्जेक्शन आ जाएगा."

* * *

निकितादीदी आईच्या हाताखाली पीएच.डी. करते. ती नवीन होती तेव्हाची गोष्ट.

प्रत्येक प्रयोगात दोन फ्लास्क असतात. दोन्हीत सारख्याच पेशी. एकात प्रथिन घालायचं, दुसऱ्याला फक्त जेवण. या दुसऱ्याला कंट्रोल म्हणतात. तो नसेल तर पहिल्यात पेशी मेल्या त्या प्रथिनानं मेल्या की आपोआप, हे कळणार कसं?

निकितादीदीनं प्रथिन घातलं आणि नळीत थोडं उरलं. महागडी वस्तू, टाकवेना. तिनं ते कंट्रोलमध्ये ओतलं. घरी उरलेली आमटी कुणाच्या तरी ताटात वाढून पातेलं रिकामं करतात, तसं. दोन्ही फ्लास्क मेले आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली.

सर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "कंट्रोलला काही द्यायचं नाही. उरलं तरी नाही, दया आली तरी नाही."

तेव्हापासून चहाच्या वेळी कुणी कुणाला बिस्किट द्यायला विसरलं की समोरचा म्हणायचा, "मी कंट्रोल आहे का?"

* * *

सरांनी आपल्या आजाराची बातमी सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितली, सगळ्यात शेवटी. "नवं सॅम्पल येणार आहे. पित्ताशयाचा कॅन्सर. परवानग्या झाल्यात. पेशंट सहकार्य करणारा आहे." आणि हसले. ऑपरेशन त्यांचंच होतं.

ऑपरेशनमध्ये सगळी गाठ निघाली नाही. जी निघाली तिचा एक तुकडा बर्फातून लॅबमध्ये आला. फ्लास्कवर पेशंटचं नाव लिहायचं नसतं, नुसता नंबर असतो. सलीमचाचांनी नंबर लिहिला. चाचा म्हणजे लॅबचे टेक्निशियन, भोपाळचे, सरांच्या सोबत पहिल्या दिवसापासून. माणसातून काढलेल्या पेशी बहुतेक वेळा फ्लास्कमध्ये रुजत नाहीत. रुजल्या तर चाचा साऱ्या मजल्यावर सांगत फिरतात.

सर सुट्टी संपवून काठी घेऊन आले त्या दुपारी चाचा मायक्रोस्कोपवर होते. सरांची पावलं ओळखून त्यांनी वळूनही न बघता भोपाळी थाटात हाक दिली, "को खाँ, आइए आइए! आपकी सेल्स तो क्या मस्त बढ़ रही हैं!"

चाचांचा चेहरा मला अजून आठवतो.

सर खुर्चीत बसले. काठी नीट टेकवून ठेवली. "सलीम," ते म्हणाले, "ये बात ज़रा प्रमोशन कमेटी को भी बता दो."

सगळे हसले. चाचा बाहेर जाऊन, बाटल्या वाफेनं निर्जंतुक करतात त्या ऑटोक्लेव्हच्या मशीनपाशी, वाफेत, बराच वेळ उभे होते.

* * *

आणि मग बेल वाजली. म्हणजे सरांच्या पेशींवर प्रथिन चाललं.

आईनं मलाही दाखवलं. कंट्रोलमधल्या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून ऐसपैस पसरल्या होत्या. दुसऱ्यात सगळ्या गोळा होऊन, फुटून, साबुदाण्यासारख्या तरंगत होत्या. इतक्या पूर्ण, इतक्या छान मेलेल्या पेशी लॅबमध्ये कुणी बघितल्या नव्हत्या. एरवी अशा वेळी जिलेबी यायची. त्या दिवशी ती मागवावी की नाही हे कुणाला कळेना.

शेवटी सरांनीच मागवली. त्यांना तळलेलं चालत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक दिली आणि स्वतः नुसता कागद हातात धरून बसले.

* * *

ही बातमी काकूंना कशी कळली माहीत नाही. सर तेव्हा पुन्हा दवाखान्यात होते. त्या रविवारी एकट्याच रिक्षानं बाग सेवनियाला आमच्या घरी आल्या. मी चहा ठेवला.

"वृंदा, बाटलीत मरताहेत ना त्या?"

"मरताहेत, वहिनी."

"मग यांना का देत नाहीस?"

आई समजावत राहिली. हे अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही. माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतात. दार चांगल्या पेशींनाही असतं, तिथंही बेल वाजेल, लिव्हर एका दिवसात जाईल.

"थोडंसं दे. मी कुणाला सांगणार नाही."

"वहिनी, चांगल्या पेशीही मरतील."

"चांगल्या आता उरल्यात किती?"

काकू चहा न घेता उठल्या. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "तुझ्या फ्रीजमध्ये आहे ना? तुझ्याच हातात आहे ना?" त्यानंतर त्यांनी आईशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेली. मी बरोबर होते. सर पिवळे पडले होते. आईनं काही सांगायच्या आधीच म्हणाले, "ती आली होती ना तुझ्याकडे?"

आई रडायला लागली. म्हणाली, सर, मी देऊ का? तुम्ही म्हणालात तर मी देते.

सरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "वृंदा, कंट्रोलला काही द्यायचं नसतं."

* * *

सर गेले तो दिवस पेशींच्या जेवणाचा होता. घाटावरून आल्यावर आई अंघोळ करून, ओल्या केसांनी लॅबमध्ये गेली. मला घरी एकटं बसवेना म्हणून मीही गेले. कल्चर रूमचा दिवा चालू होता. सलीमचाचा हात धूत होते. त्यांचेही केस ओले होते.

"खिला दिया मैंने, मैडम," ते म्हणाले.

दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. किस्सा कुणीच सांगितला नाही.

* * *

तेरावं झाल्यावर काकू लॅबमध्ये आल्या. याआधी कधीच आल्या नव्हत्या. हातात सरांचा डबा होता, चार पुडांचा. "सगळ्यांसाठी आहे," म्हणून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. आईकडे बघितलं नाही.

मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला दाखव."

चाचांनी त्यांना पांढरा कोट दिला. तो सरांचा होता, काकूंना गुडघ्याखाली आला. आईनं इनक्युबेटरमधून सरांच्या पेशींचा, कंट्रोलचा फ्लास्क काढला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. काकूंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, मग डोळा लावला.

"याच त्या?"

"हो," आई म्हणाली.

"जिवंत आहेत."

"हो."

"यांना ते औषध नाही दिलंत?"

"नाही, वहिनी. यांना फक्त जेवण."

काकू डोळा न काढता म्हणाल्या, "जेवणात काय असतं?"

आई खिडकीकडे वळली. चाचा आधीच भिंतीकडे तोंड करून उभे होते. निकितादीदी दारात होती, तिला मराठी समजते, बोलता येत नाही. मग राहिले मी.

"साखर असते," मी म्हटलं. "व्हिटॅमिन्स असतात. आणि मीठ."

काकूंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मीठ असतं?"

"असतं, काकू."

त्यांनी फ्लास्ककडे बघितलं. फ्लास्कच्या काचेसारख्या प्लॅस्टिकवर दोन बोटं ठेवली.

"पुरेसं घालता ना?"