एळु म्हणजे सातच ना?

लवकर उठण्याचे फायदे मला कुणी सांगायला येऊ नका. उभ्या जन्मात मी एकदाच पहाटे चारला उठलो, आणि त्या एका पहाटेमुळं माझी जी शोभा झाली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय हा चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. हसायचं तेवढं हसा, पण मधेच उठून जाऊ नका.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी वाशीचा, नुकताच मास्तर झालेला. नेमणूक मिळाली ती तुळजापूर तालुक्याच्या पार दक्षिणेला, सरहद्दीलगतच्या एका खेड्यात. तीही हंगामी! म्हणजे साहेबांच्या मनात असेल तोवर मास्तर, नाहीतर परत वाशीला जाऊन वडिलांच्या दुकानात मिरच्या तोलायच्या. मिरच्यांनी मला शिंका येतात हो. म्हणून नोकरी कायम होणं माझ्यासाठी फार गरजेचं होतं.

गाव मोठं गमतीचं. अर्धं गाव मराठी बोलायचं, अर्धं कानडी, आणि भांडायला लागले की सगळेच दोन्ही भाषा बोलायचे. मी राहायला होतो एका लिंगायत म्हातारीकडं. सगळे तिला अव्वा म्हणत, मीही म्हणायचो. मराठी छान बोलायची. पण घाईत असली, रागात असली किंवा देवापुढं बसली की तिच्या तोंडून कानडीच निघायची.

आता माझी कानडी किती? तर बाजारात घासाघीस करण्यापुरती. ओंदु, एरडु, मूरु, नाकु, ऐदु, आरु, एळु… असे दहापर्यंत आकडे. तेवढ्या भांडवलावर मी गावभर सांगत फिरायचो, "कानडी काय, येते मला!"

शाळा दहाला भरायची. मी पोचायचो साडेदहाला. तोवर पोरं पाढे म्हणून, मारामाऱ्या करून, समेट करून मोकळी झालेली असायची. कुणीतरी वर तक्रार केली. कुणी केली ते मी अजून शोधतोय!

आणि एक दिवस उर्दूत हुकूम आला. मोहतमीम साहेब, म्हणजे शाळाखात्याचे जिल्ह्याचे मोठे साहेब, येत्या सोमवारी सकाळी ठीक सातला तपासणीला येणार. मास्तर वक्तशीर आहे का ते बघणार, आणि मगच नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार.

सकाळी सातला! अहो, सकाळी सातला जग कसं दिसतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

हातात आठ दिवस होते. ठरवलं, तेवढ्यात लवकर उठायची सवय लावायची. पहिल्या दिवशी निजताना तांब्याभर पाणी प्यायलो, म्हणजे पहाटे आपोआप जाग येईल. आलीही. मागं जाऊन आलो आणि दुप्पट समाधानानं झोपलो. मग शेजारच्या कोंबड्याच्या खुराड्याकडं डोकं करून झोपून पाहिलं. तीन दिवसांनी शेजारीण म्हणाली, "मास्तर, तुमच्या घोरण्यानं आमचा कोंबडा येळ चुकाय लागलाय."

रविवारी संध्याकाळी पाटलांनी बोलावलं. गावाची अब्रू म्हणून त्यांनी सगळा बेत आखला होता.

"मास्तर, साहेबाची दमणी गाडी येशीत दिसली की तुमी शाळंची घंटा हाणायची. घंटा ऐकली की आमी हार, हलगी समदं घिऊन हजर. काय?"

"अगदी बरोबर."

"उठताल नव्हं?"

आता असं विचारतात का माणसाला! मी म्हटलं, "पाटील, तुम्ही मला अजून ओळखलं नाही." ओळखलं होतं म्हणूनच विचारत होते, हे मला नंतर कळलं. अंगावर घालायला त्यांनी आपली शेरवानीही दिली. माझ्यासारखे दोघे मावतील एवढी.

घरी येऊन मी मुकाट अव्वाला शरण गेलो. आमच्या समोर आडत्याच्या दुकानात ठोक्यांचं घड्याळ होतं. अव्वा तर रोज चारच्या ठोक्याला उठून, आंघोळ करून लिंगपूजेला बसायची. म्हटलं, "अव्वा, उद्या तेवढं चारला मला उठवा. माझी नोकरी तुमच्या हातात आहे."

"उठवते की वो मास्तर. त्यात काय?"

आणि उठवलं हो म्हातारीनं. अगदी चारला! मी गाढ झोपेत, आणि कानाशी आवाज, "एळु! एळु!"

एळु? मी झोपेतच मोजलं. नाकु, ऐदु, आरु, एळु… सात! सात वाजले! मी ताडकन उठून बसलो.

"अव्वा, चारला उठवा म्हटलं होतं ना? आणि एळु?"

"हौदु, एळु!" म्हणजे हो, एळु. आणि निघाली पूजेला.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? मी विचारलं, तिनं हो म्हटलं. तोंड धुवायला वेळ कुठला! अंगात शेरवानी चढवली, खाली जो पंचा होता तो तसाच, आणि पळत सुटलो. बाहेर अंधार. पण आषाढाचे दिवस, आभाळ गच्च भरलेलं. मी मनात म्हटलं, ढगांमुळं असेल. सकाळ बघायची सवय नसली की असं होतं.

शाळेपाशी पोचतो तो वेशीत कंदील दिसला. छपराची बैलगाडी हळूहळू आत येत होती. साहेबांची दमणी! मी हातोडी घेतली आणि घंटेवर असा तुटून पडलो की घंटा टांगलेला दोर दोनदा तुटता तुटता राहिला.

गाव मात्र हुकमाला पक्कं हो! दहा मिनिटांत सगळे हजर. फेटे अर्धे बांधलेले, कुणाच्या पायात दोन वेगळ्या वहाणा. हलगी कडाडायला लागली. पाटलांनी पुढं होऊन, वाकून, गाडीच्या छपरात हार घातला.

आतून एक घोंगडं उठून बसलं. गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यांत जीव गोळा झालेला.

"म्या काय केलंय वो पाटील? करोडगिरीची पावती हाय माज्याजवळ! ही बगा! जकात भरलीय, वांगीच हायती नुसती!"

तामलवाडीकडं वांगी घेऊन निघालेला गरीब माळी तो. बैलांच्या भरवशावर गाडी सोडून झोपला होता. जाग आली ती हलगीच्या आवाजानं, आणि समोर अख्खं गाव कंदील घेऊन उभं. त्या काळात पाटील एवढ्या आदरानं दारात आला की माणसाला धडकीच भरायची.

हलगी थांबली. पाटील सावकाश माझ्याकडं वळले. "मास्तर, किती वाजले?"

"सात."

"कुणी सांगितलं?"

"अव्वानं."

पूजा अर्धी टाकून अव्वा मागोमाग आलीच होती, कपाळाला ओलं भस्म तसंच. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या कवा सात म्हटलं? म्या एळु म्हटलं!"

"मग? एळु म्हणजे सातच ना?"

सगळे असे हसले, असे हसले की वांगीवालाही पावती खिशात घालून हसायला लागला. त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक.

पाटील डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, एळु म्हंजी सात खरं. पण एळु म्हंजी ऊठ बी व्हतंय! म्हातारी तुमाला 'ऊठ, ऊठ' म्हणत व्हती!"

घ्या! आणि मराठीत मला 'मास्तर, तुम्ही' म्हणणारी म्हातारी कानडीत इतकी एकेरीवर येत असेल हे मला काय माहीत? पण झोपलेल्या माणसाला कसला आलाय मान.

पाटलांनी हार काढून घेतला, पाणी शिंपडून ठेवायला सांगितला आणि सगळ्यांना बजावलं, "आता खरी घंटा हुईस्तवर कुणी घराभायेर पाय टाकायचा न्हाय." सगळे परतले. मीही परतलो. जेमतेम साडेचार झाले होते. सातला अजून अडीच तास! म्हटलं, जरा पाठ टेकू. अव्वाला सांगितलं, सहाला हाक मारा.

ओळखलंत ना पुढचं? नाही, पूर्ण नाही ओळखलं तुम्ही.

सहाला अव्वा म्हणाली, "एळु." मी आता कानडीचा पंडित झालेलो. मनात म्हटलं, ऊठ म्हणतेय. ठीक आहे, उठू. कूस बदलली. थोड्या वेळानं पुन्हा, "एळु!" हो हो, कळलं. पाचच मिनिटं.

मग ती जोरात ओरडली, "एळु! मास्तर, एळु!" आणि माझं पांघरूण ओढलं.

मी डोळे मिटूनच हसलो. म्हटलं, "अव्वा, एकदा फसलो, आता नाही फसायचा. तुमच्या कानडीत एळुचे दोन अर्थ होतात. एक सात, दुसरा ऊठ. तुम्ही मला ऊठ म्हणताय. मला सगळं समजतं. पण सात अजून वाजलेले नाहीत."

तोच दारातून एक भारदस्त आवाज आला.

"मास्टर, मैं रायचूर का हूँ. कानडी मेरे कू भी आती. तीसरा मतलब सुनना है?"

मी डोळे उघडले. दारात साहेब. काळी शेरवानी, रुमी टोपी, हातात उघडं घड्याळ. माझ्या उशाशी अव्वा दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर धरून उभी. आणि मी? पाटलांची शेरवानी चुरगळून अंगात, खाली पंचा.

बिचारे साहेब रिकाम्या गावातून एकटेच आले होते हो. शाळेला कुलूप. घंटा वाजली नव्हती, म्हणून अख्खं गाव हारतुरे घेऊन, दारं लावून, शिस्तीत घरात बसलेलं.

मी कसंबसं म्हटलं, "जी… तिसरा?"

साहेबांनी घड्याळाचं झाकण खटकन मिटलं. "तीसरा मतलब, और सात महीने हंगामी."

आणि खरोखरच तसा हुकूम आला. आठवड्याभरात, उर्दूत, शिक्क्यासह. मी ओसरीवर बसून तो तीनदा वाचला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मिरच्या डोळ्यांपुढं नाचायला लागल्या. तेवढ्यात अव्वा चुलीपुढून उठून आली. तिनं हळूच विचारलं, "किती महिने वो मास्तर?"

मी सात बोटं वर केली.

तिनं बोटं मोजली. बिचारीला इतकं वाईट वाटलं की तोंडून कानडीच निघाली.

"एळु?"

आणि मी मुकाट्यानं उठून उभा राहिलो.