जाहिरातींपुरता वेळ

सोलापूरला आलात की ज्या मागच्या खोलीत तुम्ही झोपता, ती तुमच्या आत्याआजीनं मागितली होती. मी दिली नाही. तुमचे बाबा हे जरा मऊ करून सांगतील, म्हणून मीच लिहून ठेवते.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी बी.एड.ला जायची तेव्हा तुमच्या बाबांना तिनंच सांभाळलं. पुढं तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत ती एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी सातला आमच्याकडे मालिका बघायला यायची. मालिका चालू असताना बोलायचं नाही, हा माझा नियम. जे बोलायचं ते जाहिरातींत. तीनदा जाहिराती लागायच्या, तेवढ्यात ती दिवसभराचं बोलून घ्यायची.

गेल्या वर्षी तुमच्या बाबांनी मोठा टीव्ही घेऊन दिला. जुन्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र त्यावर पसरट, धुरकट दिसायचं. म्हणून मी एचडीचा, रेकॉर्डिंग होणारा बॉक्स मागवला. बसवणाऱ्यानं गच्चीवर जाऊन डिशची छत्री सरळ केली, तीन रंगांच्या जुन्या वायरी काढल्या, एकच जाड वायर लावली.

चित्र आलं तशी आत्याआजी म्हणाली, "अगं बया, हिच्या गालावर फोड हाय की!"

"आहे म्हणा, वन्सं," मी म्हटलं. तिचं बोलणं मी आयुष्यभर सुधारत आले.

"आजी, चालू मालिका बी थांबवता येती," तो माणूस म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. पडद्यावरच्या सासूचा आ तसाच उघडा राहिला. आत्याआजी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "कितीबी वेळ थांबवा. पुढचं आपोआप साठतंय. काय बिघडत न्हाय."

पंधरा दिवसांनी, पहिल्या जाहिरातीत ती म्हणाली, "वहिनी, मालक म्हणतोय दिवाळी झाली की खोली सोडा."

दुसऱ्या जाहिरातीत म्हणाली, "तुमची मागची खोली तशी बंदच असती."

तिसरी जाहिरात लागायच्या आत मी चहा टाकायला उठले.

खोलीत तुमच्या दोन कॉट, तुमची पुस्तकं, निळ्या चादरी. दोन वर्षांतून तीन आठवडे तुम्ही येता. तिच्या मिश्रीचा वास तुमच्या उशांना लागला असता, आणि एकदा आली की ती जन्माची आली असती. मला ते नको होतं. नाही म्हणायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "आता सातला यायची घाई नको. साडेसातला या, रेकॉर्डिंग लावू." ती आली की मी लगेच मालिका सुरू करायची. जाहिरात लागली की पुढं पळवायची. तिनं तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असायचा. संपलं की टीव्ही बंद करून म्हणायची, "जाताना दार ओढून घ्या."

आठवडाभर असं चाललं. मग एकदा मालिका मध्यावर असताना ती म्हणाली, "वहिनी, जरा थांबवता का ते? एकच बोलायचं हाय."

"थांबवलं की रेकॉर्डिंग बिघडतं, वन्सं."

रिमोट माझ्या हातात होता. अंगठा त्याच बटणावर होता. तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय का," ती म्हणाली.

शेवटपर्यंत बसली. जाताना मी काही सांगायच्या आत तिनं दार ओढून घेतलं. दिवाळीनंतर ती करकंबला यजमानांच्या पुतण्याकडे गेली. तिथं टीव्ही पुढच्या खोलीत असतो आणि तिथं पुरुषमाणसं बसतात. ती स्वयंपाकघरातून नुसती ऐकते.

परवा बाबांचा फोन आला. यंदा तुमचं येणं जमत नाही म्हणाले. चादरी घालून झाल्या होत्या. मी करकंबला फोन लावला.

"वन्सं, चार दिवस या की. सगळे भाग साठवून ठेवलेत. मागच्या खोलीत झोपा."

पलीकडे भांडी वाजत होती.

"नगं वहिनी," ती म्हणाली. "मी मधीच बोलायची. तुमाला थांबवावं लागंल. उगं बिघडंल की."