तणसातले चार संत्रे

नातीले ताप आहे. सूनबाई संत्रा सोलून राहिली होती. मी म्हटलं, “तापात काहून वं?”

“आई, डॉक्टरनंच सांगतलं. ताकद येते.”

सालीचा वास आला अन् मले माही शेवंता दिसली. तवा मी बागेत संत्रे निवडाले जाओ. मालकानं चार संत्रे दिले, ते मी घरी तणसात दाबून ठेवले. शेवंता तापानं फणफणत होती. म्हणे, “माय, एक फोड दे न वं.”

“थंड असते बेटा. ताप उतरला का चारी तुहेच.”

ताप उतरलाच नाही. तिची माती झाल्यावर तणस उकललं, तं चारी संत्रे ताजेच होते.

मी सुनेच्या हातातून फोडी घेतल्या अन् नातीले भरवू लागली.

“हळू आई, घाई काहाची आहे?”