वाढत्या अंगाचा शर्ट

माझा मामा शिंपी. आयुष्यभर त्याने लोकांच्या पोरांचे शर्ट वाढत्या अंगाचे शिवले. म्हणजे दोन वर्षांनीही बसावेत असे, जरा ढगळ, शिवणीत कापड राखून. आयांना त्याचा हा हात आवडे, पोरांना नाही. स्वतःच्या मुलाचे मात्र त्याने कायम अंगासरशी शिवले. शिंप्याचंच पोर ढगळं दिसलं तर दुकान कसं चालायचं?

ते पोर आता समुद्रापलीकडे जहाजांच्या गोदीत वेल्डर आहे. गेल्यापासून घरी आलेलं नाही. मामाने फोनवर कधी येतोस, कधी येतोस लावलं, तेव्हा ते थट्टेत म्हणालं, "टोमॅटो लावा. लागले की येतोच." मामाला थट्टा कळते, पण सोयीने. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या अंगणात वाफा केला.

रोपं जरा वर आली आणि साळुंक्यांना पत्ता लागला. सकाळी पाहावं तर शेंडे खुडलेले, नुसत्या काड्या उभ्या. मामाने जुनी मच्छरदाणी पसरली. साळुंक्या खालून शिरल्या. चकचकीत डबे टांगले, तर मामी म्हणाली, पाखरांना आरसे दिलेत, आता एक कंगवाही ठेवा. शेवटी बुजगावणं करायचं ठरलं.

दुसऱ्या कुणी फाटका सदरा काठीला अडकवला असता. मामाने मुलाचं माप आठवून नवाकोरा शर्ट शिवला, कॉलरला कडक अस्तर घालून. तो इतका चपखल बसला की वाऱ्यालाही हलेना. दुपारी त्याच्या दोन्ही खांद्यांवर साळुंक्या बसल्या आणि निवांत खालची रोपं हेरू लागल्या.

"अहो, बुजगावणं केलंत की नवरदेव?" मामी दारातून म्हणाली. "ढगळ करा, फडफडू दे जरा."

"माप बरोबर आहे त्याचं."

"गेला तेव्हाचं."

मामा उठला. शर्ट काढून मशीनवर बसला. ह्या शर्टात सोडायला कापडच राखलेलं नव्हतं, म्हणून बाजूंना निराळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या, बाह्या लांबवल्या. मग दोन्ही हात हवेत धरून कितीतरी वेळ खांद्यांचं अंतर कमीजास्त करत राहिला.

"एवढा झाला असेल का रे?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, वेल्डिंगचं काम आहे मामा, आणखी भरला असेल. त्याने आणखी एक पट्टी जोडली.

मग तो शर्ट असा फडफडायला लागला की साळुंक्याच काय, पोस्टमनही फाटकाशी थबकायचा. उरलीसुरली रोपं तगली. फुलं आली, फळं धरली, लाल झाली.

रविवारी मुलाचा फोन आला. सुट्टीचं काही जमेल असं दिसत नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, टोमॅटोंचं काय झालं ते विचारलं. मामी टोमॅटोच चिरत होती. तिची सुरी थांबली.

"अजून हिरवेच आहेत रे," मामा म्हणाला. "त्यांना काही घाई नाही."