अक्काच्या गोळ्या माझ्या दुकानातून जायच्या

माझ्या बहिणीला सात वर्षं चुकीचं औषध दिलं. मी दिलं.

आज अक्काला जाऊन वर्ष झालं. दाजींना, भाचीला, कुणालाच हे आजवर सांगितलेलं नाही. एकदाच लिहितो.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. पहूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी शिंदखेड्यात मेडिकल चालवतो.

एक दिवस तिचा फोन आला.
"भाऊ, घास खाले उतरत नही रे. छातीमा अटकी जास."
मी म्हटलं, "ॲसिडिटी शे. गोळी धाडी देस."

इतकंच. दोन मिनिटांचा फोन. मागे गिऱ्हाईक उभं होतं.

गोळ्यांनी थोडं बरं वाटतंय म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.
मग दर महिन्याला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाकीट. रिकाम्या पोटी एक. पुढे सकाळ-संध्याकाळ.

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली होती, "आते पानी बी अटकस."
ॲसिडिटीत पाणी अडकत नाही. डी.फार्म. केलेल्या माणसाला तिथेच खटकायला हवं होतं.
मी गोळी बदलून दिली.

शाळेत ती स्टाफसोबत डबा खाईना. एक घास, वर दोन घोट पाणी, मग उभं राहून हात वर करायचे, टाचांवर उड्या मारायच्या, तेव्हा कुठे घास सरकायचा. हे लोकांसमोर कसं करणार? ती रिकाम्या वर्गात दार लोटून जेवायची.
लोक म्हणाले, मॅडमला गर्व झाला.

भाचीच्या लग्नात विहिणींनी आग्रह करून पुरणाचा मांडा भरवला. अक्का हसत उठली, मांडवामागे गेली आणि सगळं बाहेर काढून, तोंड धुऊन, पुन्हा हसत येऊन बसली.
मी पाहिलं. मला वाटलं, लग्नाचं टेन्शन.

वजन उतरत गेलं. घड्याळाच्या पट्ट्याला तिने स्वतः सुईने भोकं पाडली. एक, मग दुसरं, मग तिसरं.
नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं डाएट करते, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. एकाने अंगारा आणून दिला. मी त्याच्यावर हसलो होतो.
त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता? माझ्या पुडीवर एक्सपायरी डेट होती.

शेवटी ती वर्गातच चक्कर येऊन पडली. दाजींनी जळगावला नेलं. मीही गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली आणि खाली टोकाला चिमणीच्या चोचीएवढी वाट.
"ॲकॅलेशिया," ते म्हणाले. "अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जो स्नायू असतो, तो गिळताना उघडायला हवा. यांचा उघडतच नाही. अन्न वरच साठतं, आडवं झालं की श्वासनलिकेत उतरतं. किती वर्षं झाली?"
"सात," अक्का म्हणाली.
"सात वर्षं काय घेत होता?"
"ॲसिडिटीच्या गोळ्या."
"कोण देत होतं?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

"मीच घ्यायचे मनाने," अक्का म्हणाली. "हा माझा भाऊ. हा कितीदा म्हणाला, डॉक्टरला दाखव. मीच ऐकलं नाही."

मी असं एकदाही म्हटलं नव्हतं.
आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई माझ्यासाठी डॉक्टरांशी खोटं बोलली. आणि मी मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, इलाज आहे. पोट फाडायचं नाही, बाहेरून एकही टाका नाही. तोंडातून दुर्बीण घालून, नलिकेच्या आतल्या अस्तराखालून वाट काढत जायचं आणि तो घट्ट स्नायू आतूनच कापून मोकळा करायचा. चार दिवसांत घरी.
"आधी आला असता तर फार सोपं होतं. आता फुप्फुसंही खराब झालीत. तरी करू."

मुंबईला केलं. नीट झालं. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत औषध सरळ पोटात उतरलेलं दिसलं.
अक्का पेलाभर पाणी न थांबता प्यायली. पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.
"इतलं सोपं ऱ्हास का रे पानी पेवानं?"

मी बाहेर जाऊन रडलो. वाटलं, सुटलो.

अठरा दिवस. अठरा दिवस ती पातळ वरण, भाताची पेज, केळं कुस्करून जेवली. पोटभर.
एकोणिसाव्या दिवशी ताप आला.

अन्नाची वाट मोकळी झाली होती. पण सात वर्षं झोपेत जे थेंब थेंब छातीत उतरत होतं, त्याने फुप्फुसं आधीच पोखरली होती. तिथे दुर्बीण काय करणार?

आयसीयूत नळी घालण्याआधी मला दोन मिनिटं आत सोडलं. मी ठरवून गेलो होतो. माफी मागायची.
तिने मास्क बाजूला केला.
"तू जेवना का रे?"
"हो," म्हटलं.
जेवलो नव्हतो. माफी मागायची राहिली. नर्सने मास्क परत लावला.
ती त्यानंतर बोलली नाही. पाचव्या दिवशी गेली.

'तुझी चूक नव्हती' असं कृपा करून कुणी लिहू नका. डॉक्टर सांगतात, लवकर केलं असतं तर ती आज शाळेत असती. ते खरं आहे आणि ते तसंच राहणार आहे.

आता कुणी "घास अडकतो, गोळी द्या" म्हणत आलं की मी देत नाही. आधी दुर्बिणीने तपासा म्हणतो. बहुतेक जण चिडतात आणि समोरच्या दुकानातून घेऊन जातात.

दाजी, हे वाचाल तेव्हा फोन करू नका. मीच येतो.

अक्का, तुला श्रद्धांजली वाहायला माझे हात चालत नाहीत. नुसते जोडतो.