खाऱ्या जमिनीत मुंग्या

भागीने आणि मी शेवटचं एकत्र केलेलं काम म्हणजे गोणी भरणं. मी गोणीचं तोंड धरलेलं, ती घमेल्याने मीठ ओतत होती. ठाण्याच्या खाडीकाठचं मिठागर. स्वराज्य नुकतंच आलेलं, पण आमचा मालक तोच. त्या दिवशी तो पाहुणे घेऊन आलेला. त्यांना गंमत दाखवायची म्हणून त्याचा कारकून मेहताजी ओरडला, "भागे, चढ पारड्यात! बघू दे, गोणी जड की तू!"

माझी बायको जाड होती. मिठागरातली बाई आणि एवढी जाड, म्हणजे चोरून खात असणार, असं त्यांचं म्हणणं. गेल्या हंगामातही तिला असंच काट्यावर चढवलेलं. तेव्हा गोणी वर गेली, भागी खाली. या खेपेला भागीच वर गेली. पाय लोंबकळत. एका हाताने पदर सावरत.

"उतरली की रे म्हैस!" मेहताजी म्हणाला. पाहुणे खदाखदा हसले. भागीपण हसली. खाली उतरून मला म्हणते, "अवो, बरा झाला ना? अंग हलका झाला."

अंग आपोआप उतरत होतं. तहान तर सारखी. पण दिवसभर मिठात उभं राहणाऱ्याला तहान लागली तर कोण दचकतो? ती माठ संपवायची, मी भरायचो. टाचेची भेग चिघळली, तीही मिठानेच म्हणालो. मुंग्या मात्र कळेनात. झोपडीमागे ती लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग. खाऱ्या जमिनीत मी कधी मुंगी बघितली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिला उलट्या लागल्या. ठाण्यातल्या एका डॉक्टरकडे नेलं. आत खुर्ची होती, ती शेठलोकांची. आम्ही पायरीवर. मी मुंग्यांचं सांगितलं. तो खुर्चीतल्या शेठला म्हणाला, "ऐकलंत? हिला मधुमेह हवाय!" मग माझ्याकडे वळला. "अरे, तो तूप खाणाऱ्यांचा रोग. तुमच्यात कुठून येणार? जाड झालीय, उपाशी ठेव."

तिला हात लावला नाही. नाडीसुद्धा बघितली नाही.

सकाळी हाक मारली, तर ओ देईना. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने तिची लघवी निळ्या औषधात उकळली. निळं पाणी विटकरी झालं. तो म्हणाला, "लघवीत साखर आहे. मधुमेह. हा रोग पैसा बघत नाही. जाड अंगाला लवकर जडतो. जडला की तहान लागते आणि वजन उतरायला लागतं. कालच का नाही आणलीत?"

कालच आणलेली. पायरीपर्यंत.

मग त्याने विचारलं, "पोरगी आहे? आईसारखीच जाड?" मी मान डोलावली. "तिचं वजन वाढू देऊ नका. लघवी तपासत राहा."

दुपारी भागी गेली.

माठात तांब्या बुडाल्याचा आवाज मला अजून येतो. उठून बघतो. माठाशी कोणी नसतं. मीठ हातात घेतलं तरी आधी मुंगी शोधतो.

भागी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेहताजीचं बोलावणं आलं, गोणी भरायला ये म्हणून. गेलो नाही. सोनीला, माझ्या पोरीला, घेतलं. ती आईच्याच बांध्याची. तिची लघवी बाटलीत घेतली आणि त्या पहिल्या डॉक्टरकडे गेलो. पायरीवर थांबलो नाही. पोरीला त्या खुर्चीत बसवलं. बाटली त्याच्या टेबलावर ठेवली.

"उठव तिला! ती खुर्ची कोणाची आहे, माहीत आहे का?"

"माझ्या पोरीची," मी म्हणालो. "हिची आई काल गेली. मधुमेहाने. तुझ्या पायरीवर बसलेली ती."

तो कोणाला तरी हाका मारायला लागला. मी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिलो.

"निळं औषध काढ, डॉक्टर. चूल पेटव. तपासल्याशिवाय इथून तूही हलायचं नाहीस."