चोरीला गेलेलं धुराडं

निपाणीहून बदली होऊन मी बेळगावात फौजदार म्हणून रुजू झालो, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातली ही हकीकत. नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ हाताळले. पण वडगावच्या बाजूला गेलो, की मला हाच गुन्हा आठवतो.

ऐंशीच्या दशकातला तो काळ. वडगावच्या गल्ल्यांत दिवसभर मागांचा खडखडाट चाले आणि करंट गेला, की सगळी गल्ली एकदम गप्प होई. करंट जाणं तर रोजचंच. म्हणून तिथल्या एका विधवा बाईनं आपले यंत्रमाग चालवायला जुनं डिझेल इंजिन घेतलं. गल्ली तिला आक्का म्हणे. इंजिनाचा धूर शेजारच्या घरांत शिरू लागला आणि वर तक्रार गेली. हवेच्या प्रदूषणाचा कायदा तेव्हा नवा होता. प्रदूषण खात्यानं आक्काला बजावलं, की धुराडं शेजारच्या छपरांच्या वर न्या, आम्ही येऊन धूर तपासतो, मग परवाना. तोवर इंजिन बंद.

आक्कानं दोन तुकड्यांचं लोखंडी धुराडं करवून उभं केलं. तपासणी तोंडावर आली असताना, गल्लीतली माणसं जत्रेला गेलेली बघून कुणीतरी ते उतरवून नेलं.

"साहेब, लग्नसराईच्या साड्या मागावर हाईत," ठाण्यात बाकावर बसत आक्का म्हणाली. "परवाना न्हाय मिळाला तर माझ्याकडच्या माणसांनी काय करायचं?"

मी चोरीचा गुन्हा नोंदवला आणि हवालदाराला घेऊन जागेचा पंचनामा केला. हवालदाराला भंगारवाल्यांचा संशय होता. मला तसं वाटेना. धुराड्याचे नटबोल्ट पान्यानं नीट काढून खिडकीच्या कट्ट्यावर एका डब्यात ठेवले होते. धुराड्याला ताण दिलेल्या तारा येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नयेत म्हणून गुंडाळून खिळ्याला अडकवल्या होत्या. विकण्यासाठी चोरणारा माणूस एवढी काळजी घेत नाही. हे काम शेजारधर्म पाळणाऱ्याचं होतं.

खबर दिली ती गल्लीत दूध घालणाऱ्या बाईनं. तिनं हवालदाराला सहज सांगितलं, "पलीकडच्या आप्पाचा हातमाग लई दिवस बंद हाय. पर जत्रेपासनं त्यानं त्याच्यावर वाकळ झाकलीया. घरात पाय ठेवू देईना."

आप्पा पन्नाशीचा, अंगानं काटक, सगळी हयात हातमागावर गेलेला. पंचांसमक्ष वाकळ उचलली, तर मागाखाली जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले धुराड्याचे दोन्ही तुकडे निघाले.

त्याला ठाण्यात आणलं. दरडावून उपयोग नव्हता. मी चहा मागवला आणि त्याच्या मागाबद्दल विचारलं, कुठली साडी विणायचास, काठ कसला असायचा. तो हळूहळू बोलू लागला. मग मी विचारलं, "धुराडं का काढलंस?"

"यंत्रमाग आले, माझा माग बंद पडला. तवा मी गप्प बसलो साहेब," तो म्हणाला. "आता घरात बायकोला दम लागतुया. इंजन चालू असायचं तवा उठून बसायची, श्वास घावायचा न्हाय. एकदा परवाना मिळाला, की ते इंजन कधी थांबणार? म्हणून काढलं."

"अरे, धुराडं धूर वर न्यायलाच होतं."

"ते मला कुणी सांगितलं न्हाय."

धुराडं ओळखायला बोलावलेली आक्का दाराशी उभी राहून ऐकत होती. "कवापासनं आजारी हाय ती?" तिनं विचारलं. या दोघी बायका एके काळी एकाच ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. यंत्रमाग आल्यावर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं. त्या दिवशी आक्का ठाण्यातून निघाली ती थेट आप्पाच्या घरी गेली.

कायद्याचं काम मात्र उरलं होतं. धुराडं आता मुद्देमाल झालं होतं आणि तपासणी जवळ आली होती. कोर्टात अर्ज देऊन ते बंधपत्रावर आक्काच्या ताब्यात दिलं. जामिनावर सुटलेला आप्पा आपणहून शिडी घेऊन आला. त्यानंच ते पुन्हा उभं केलं, आणि आक्कानं आपल्या खर्चानं वर आणखी एक तुकडा चढवला. प्रदूषण खात्याचे साहेब आले, इंजिन सुरू झालं. धूर आप्पाच्या कौलांवरून निघून गेला. त्याची बायको खिडकीत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आज वास न्हाय."

परवाना मिळाला. पुढे खटल्याच्या तारखेला आक्कानं तडजोडीचा अर्ज दिला आणि कोर्टानं तो मान्य केला.

काही महिन्यांनी मी त्या गल्लीतून दुपारी जात होतो. करंट गेला होता, तरी इंजिनाचा आवाज नव्हता. बिघडलं की काय, म्हणून डोकावलो. आक्का मागाशेजारी निवांत बसली होती.

"आप्पाची बायकू या वक्ताला झोपती," ती म्हणाली. "रात्रभर खोकती, दुपारीच काय तो डोळा लागतुया. ती उठली, की चालू करायचं."

परवान्यातल्या अटी मला ठाऊक होत्या. ही अट त्यांत नव्हती. कायदा धुराड्याची उंची ठरवून देतो. शेजारच्या घरात कुणाला दम लागतोय, ते तिथं जाऊन विचारावं लागतं. पुढे शेजाऱ्यांमधल्या प्रत्येक तक्रारीत मी आधी घरात कुणाला काय त्रास आहे, तेच विचारत गेलो.